कायम नोकरीचा राजीनामा : धाडस की हिशेब?

मार्च-एप्रिलच्या सुमारास लातूर आणि नांदेड या शहरांत दोन हंगाम एकाच वेळी सुरू असतात. एक बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांचा. दुसरा त्या परीक्षांसाठी विद्यार्थी घडविणाऱ्या शिक्षकांच्या ओढाओढीचा. लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या श्यामनगर-बाबानगर भागात नव्या तुकड्यांचे फलक लागू लागतात, तेव्हा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र वा जीवशास्त्र उत्तम शिकविणाऱ्या प्राध्यापकाकडे निरोप येतो. महाविद्यालयात मिळते त्याच्या दीडपट, प्रसंगी दुप्पट वेतन; अट एकच, कायम नोकरीचा राजीनामा.

या प्रसंगाची चर्चा आपल्याकडे बहुधा स्वभावाच्या अंगाने होते. जो जातो तो धाडसी आणि जो राहतो तो भित्रा, असे एक मत. जो जातो तो पैशाच्या मागे लागलेला आणि जो राहतो तो निष्ठावंत, असे दुसरे. दोन्ही मते सोपी आहेत आणि दोन्ही दिशाभूल करणारी आहेत. हा निर्णय धाडसाचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे. हातात नेमणुकीचे कोणते पत्र आहे, सेवेची किती वर्षे झाली आहेत आणि समोरचा देकार कोणत्या कागदावर लिहिलेला आहे, या तीन गोष्टींवर त्याचे उत्तर बदलते. त्यापलीकडे एक सार्वजनिक प्रश्नही आहे. तो अखेरीस पाहू.

वेतन हा घराचा विमा

मराठवाड्यात कायम नोकरीला जे वजन आहे, ते मुंबई-पुण्याच्या मापाने मोजता येत नाही. येथील शिक्षकाचे वेतन क्वचितच एका चौकोनी कुटुंबापुरते असते. गावाकडे भावाच्या वाट्याला कोरडवाहू जमीन, तिच्यावर सोयाबीन आणि तूर. पीक साधले तर बरे. नाही तर बियाण्याचा, दवाखान्याचा आणि पुतण्याच्या शिक्षणाचा खर्च शहरातल्या वेतनातूनच निघतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये याच भागाने दुसरे टोक पाहिले. मुखेड तालुक्यातील गावांत पुराचे पाणी शिरले आणि मराठवाडाभर उभी पिके पाण्याखाली गेली. ज्या प्रदेशात एका दशकात टंचाई आणि अतिवृष्टी दोन्ही येऊन जातात, तेथे महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होणारे वेतन हा साऱ्या कुटुंबाचा विमा असतो.

म्हणूनच राजीनाम्याच्या निर्णयात केवळ पती-पत्नी सहभागी नसतात. वडील असतात, भाऊ असतो, आणि आणखी एक घटक असतो जो सहसा विसरला जातो : पगारदारांच्या पतसंस्थेतील जामीनदार. घरासाठी वा बहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जाला याच महाविद्यालयातील दोन सहकाऱ्यांच्या सह्या असतात आणि हप्ता वेतनातून परस्पर कापला जातो. वेतन थांबले की वसुलीचा रोख त्या सह्यांकडे वळतो. राजीनामा एकाचा असला तरी त्याची झळ दुसऱ्याच्या घरापर्यंत पोहोचू शकते.

पॅटर्न कोणी उभा केला?

लातूर पॅटर्न ही खासगी शिकवणीची देणगी आहे असा समज आता रूढ झाला आहे. इतिहास तसा नाही. १९७० मध्ये सुरू झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय, त्याआधीपासूनचे दयानंद महाविद्यालय अशा संस्थांतून हा पॅटर्न आकाराला आला. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचे नाव त्याच्याशी विशेष जोडले जाते. अभ्यासक्रम लवकर संपवणे, जादा तास घेणे, सराव परीक्षांचा सपाटा लावणे आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेचा पाठपुरावा करणे, हे त्याचे सूत्र होते. हे काम करणारे बहुतांश प्राध्यापक अनुदानित पदावरचे, वेतनाची निश्चिती असलेले होते. उद्याच्या पोटाची चिंता नव्हती म्हणून आज दोन तास अधिक देता आले. सुरक्षितता माणसाला आळशी करते, असे सांगणाऱ्यांनी हा इतिहास जरूर आठवावा. येथे सुरक्षिततेनेच प्रयोगाला बळ दिले.

याच महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले ते विद्यापीठ तेव्हा अगदी नवे होते. स्थिरावलेली संस्था सोडून नव्याने उभ्या राहणाऱ्या संस्थेत जाण्याची परंपरा या भागाला अपरिचित नाही. मात्र त्या काळात एका सार्वजनिक संस्थेतून दुसऱ्या सार्वजनिक संस्थेत जाता येत असे. आजच्या शिक्षकापुढचा रस्ता सार्वजनिक संस्थेकडून खासगी व्यवसायाकडे जातो आणि तो एकेरी आहे.

हा बदल कसा झाला? ११ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नीट’ रद्द करणारा आपला २०१३ चा निकाल मागे घेतला. योगायोग असा, की पाण्याची पहिली रेल्वे लातुरात पोहोचली ती दुसऱ्याच दिवशी. २०१६ मध्ये राज्याच्या जागांना वटहुकुमाने सवलत मिळाली; २०१७ पासून मात्र राज्यातील वैद्यकीय प्रवेश पूर्णतः ‘नीट’वर गेले. बारावीच्या गुणपत्रिकेचे महत्त्व पात्रतेपुरते उरले. विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयात आणि दिवस शिकवणी वर्गात, अशी विभागणी झाली. जो शिक्षक पूर्वी महाविद्यालयातच पॅटर्न चालवीत होता, त्याच्यासमोरचा वर्ग रिकामा झाला आणि पलीकडच्या रस्त्यावरचा वर्ग भरला. देकाराचा उगम येथे आहे.

‘कायम’ या शब्दाचे तीन अर्थ

आता हिशेबाकडे वळू. लातूर-नांदेडच्या एकाच शिक्षक-कक्षात शेजारी शेजारी बसणाऱ्या तिघांच्या ‘नोकरी’ या शब्दाचा अर्थ आज तीन प्रकारचा आहे.

पहिला, १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शंभर टक्के अनुदानित पदावर लागलेला. त्याला १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांचे संरक्षण आहे. या नियमांत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. राजीनामा दिला तर आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी जप्त होते. २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर निवृत्तिवेतन मिळते. दोन्ही अर्जांचा मजकूर चार ओळींचाच असतो. परिणाम मात्र आयुष्यभराचा. सेवेत खंड नसेल आणि सारी सेवा अर्हताकारी धरली गेली असेल, तर या गटातील अखेरच्या माणसाचीही २० वर्षे नोव्हेंबर २०२५ पर्यंत भरली आहेत. त्यामुळे या गटातल्या कोणी नव्या देकाराच्या घाईत ‘राजीनामा’ हा शब्द लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने कमाई बुडविणे होय. त्याने आधी सेवापुस्तक काढून वर्षे मोजावीत.

दुसरा, १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर लागलेला. त्याचे पद कायम आहे, पण जुनी पेन्शन नाही. त्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम कापली जाते आणि २०१९ पासून शासनाचा हिस्सा १४ टक्के आहे. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यातील कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, त्यामागची अस्वस्थता हीच होती. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि राज्य मंत्रिमंडळानेही ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या या योजनेत किमान लाभासाठी १० आणि सरासरी वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनासाठी २५ वर्षे सेवेची अट आहे. म्हणजे या गटातील माणूस नवव्या वर्षी बाहेर पडतो की अकराव्या, चोविसाव्या वर्षी की सव्विसाव्या, याने फरक पडू शकतो. २००५ पूर्वी नेमणूक, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले, अशांची गाठ आणखी वेगळी. त्यांच्या जुन्या पेन्शनचा वाद न्यायालयांत गेला. अशा व्यक्तीने आपल्या प्रकरणाचा निकाल लागण्यापूर्वी सेवा सोडू नये, हे उघड आहे.

तिसरा गट सर्वांत मोठ्या कोंडीत आहे : अंशतः अनुदानित, विनाअनुदानित आणि तासिका तत्त्वावरचे. २० टक्के, ४० टक्के असे अनुदानाचे टप्पे मोजत त्यांची तिशी आणि चाळिशी सरते. शिक्षण सेवक म्हणून लागलेल्यांचे मानधनही वर्षानुवर्षे गोठलेले होते. प्राथमिक स्तरावर ते ६ हजार रुपये होते, ते २०२३ मध्ये १६ हजार झाले. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला जेवढे तास तेवढे पैसे. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे उत्पन्नालाही सुट्टी. या गटाकडे सुरक्षित नोकरी नाही. आहे ती सुरक्षित नोकरीची आशा. त्यांना ‘चांगली नोकरी सोडू नका’ असा सल्ला देणे ही थट्टा ठरेल.

‘कायम’ पदालाही आता पूर्वीसारखे कवच उरलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पटसंख्या घटली की संचमान्यतेत पद कमी होते आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या वर्गांवरील, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. वीस वर्षे शिकवून झाल्यावर पुन्हा परीक्षार्थी होण्याची वेळ येईल, असे त्यांपैकी कोणी नेमणुकीच्या दिवशी गृहीत धरले नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळांतील अनेक शिक्षकांच्या मनात शिकवणीच्या देकाराबद्दल नवा विचार सुरू झाला तर त्यात नवल नाही.

मोठ्या आकड्यामागची जोखीम

समोरच्या देकारातील आकडा मोठा असतो. पण तो किती वर्षे टिकेल हे आकड्यात लिहिलेले नसते. यासाठी एक साधे गणित मांडता येईल. समजा, ४५ वर्षांच्या शिक्षकाला आज दरमहा एक लाख रुपये मिळतात आणि देकार पावणेदोन लाखांचा आहे. ५८ व्या वर्षी निवृत्ती धरली तर १३ वर्षे उरतात. जागेवर राहिल्यास, वेतनवाढ न धरताही, १ कोटी ५६ लाख रुपये हाती येतात. बाहेर पडल्यावर तो वर्ग तीन वर्षांत बंद पडला आणि पुढे दरमहा ६० हजारांवर काम करावे लागले, तर एकूण १ कोटी ३५ लाख. म्हणजे २१ लाखांचा तोटा, निवृत्तिवेतन वेगळेच. नवी नोकरी निदान साडेचार वर्षे टिकली तरच तो बरोबरीत येतो. वर्षाची ३ टक्के वेतनवाढ आणि महागाई भत्ता हिशेबात घेतला तर ही मुदत आणखी लांबते. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील. प्रश्न मात्र हाच विचारायचा : हा देकार किती वर्षे टिकला म्हणजे माझे नुकसान होणार नाही?

हेच गणित तिसऱ्या गटातील ३२ वर्षांच्या तरुणाला लावून पाहा. आज त्याला महिन्याला सरासरी २५ हजार मिळत असतील आणि देकार ५० हजारांचा असेल, तर तो पहिल्या महिन्यापासून नफ्यात आहे. वर्ग दोन वर्षांत बंद पडला तरी तो आज आहे तेथेच येतो, अनुभव घेऊन. एकाच देकाराचा अर्थ दोन खुर्च्यांवर असा उलटा होतो.

आणि वर्ग बंद पडतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बाहेरगावचे विद्यार्थी परतले, वसतिगृहे आणि खाणावळी ओस पडल्या आणि शिकवणीचे सारे अर्थकारण थांबले. अनुदानित शिक्षकाचे वेतन त्या काळातही चालू होते. मोठे नाव हीदेखील हमी नव्हे. देशातील सर्वांत गाजलेली शिक्षण-तंत्रज्ञान कंपनी म्हणून मिरविलेल्या ‘बायजूज’वर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये ‘फिटजी’ची उत्तर भारतातील अनेक केंद्रे सत्राच्या ऐन मध्यावर बंद पडली आणि शिक्षकांच्या थकलेल्या वेतनाच्या तक्रारी पुढे आल्या.

याखेरीज धोरणाची जोखीम आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणी केंद्रांत प्रवेश देऊ नये, गुणांची वा यशाची खोटी हमी देऊ नये, असे सांगितले. त्याच वर्षीच्या ‘नीट’ पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. एका राष्ट्रीय परीक्षेच्या पद्धतीवर आणि विश्वासार्हतेवर उभा असलेला हा व्यवसाय आहे. २०१६ चा एक निकाल त्याला वर नेऊ शकला, तसाच पुढचा एखादा निर्णय खालीही आणू शकतो. त्यावर ना शिक्षकाचा ताबा, ना वर्गचालकाचा.

देकार कागदावर काय सांगतो?

शिकवणी वर्गांतील व्यवहार अजूनही मोठ्या प्रमाणावर शब्दावर चालतात. ‘सर, तुमचे आपण बघून घेऊ’ या वाक्यावर वीस वर्षांची सेवा सोडणे योग्य नव्हे. पहिली गोष्ट, नेमणूक कर्मचारी म्हणून आहे की सल्लागार म्हणून? व्यावसायिक शुल्क म्हणून कर कापून रक्कम दिली जात असेल, तर भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही आणि आजारपणाची रजाही नाही. मग दीडपट वेतनातील काही भाग हा वाढ नसून या गमावलेल्या लाभांचा मोबदला आहे. दुसरी गोष्ट, निश्चित वेतन किती आणि विद्यार्थिसंख्येवर वा निकालावर अवलंबून असलेला भाग किती? गणितात निश्चित भागच धरावा.

तिसरी गोष्ट बंधपत्राची. नोकरी सोडल्यावर त्याच शहरात शिकवू नये, अशी अट घातली जाते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार सामान्यतः अवैध ठरतो. तथापि ठरावीक काळ सेवा न केल्यास रक्कम भरण्याची अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात अशी दोन लाख रुपयांची अट वैध मानली. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम वाचावी. मूळ प्रमाणपत्रे वा कोरे धनादेश मागितले जात असतील, तर तो देकार तेथेच संपला असे समजावे.

चौथी गोष्ट बाहेर पडण्याच्या रीतीची. खासगी शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा लागू आहे. त्यानुसार राजीनामा दोन प्रतींत लिहून, तारीख घालून, त्यातील एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवावी लागते आणि कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नव्या तुकडीची घाई वर्गचालकाची असते. नोटीस न देता निघाल्याचा भुर्दंड मात्र शिक्षकाला बसतो. ‘रजा टाकून वर्षभर शिकवून पाहू’ हा मार्गही खुला नाही. सेवेत असताना परवानगीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने तर शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणीच मना केली आहे.

या साऱ्याचा अर्थ जाऊ नये असा नाही. घरात दुसरे कायम वेतन असेल, पतसंस्थेचे कर्ज फिटलेले असेल, वर्षभराचा खर्च बाजूला ठेवलेला असेल आणि सेवेची वर्षे योग्य टप्प्यावर आली असतील, तर मोठ्या कामाची आणि चांगल्या मोबदल्याची संधी घेणे यात काहीही गैर नाही. आपल्या विषयावर प्रभुत्व असलेल्या शिक्षकाला त्याचे मोल मिळावे, हे न्याय्यच आहे. यातील एकही गोष्ट नसताना केवळ आकडा पाहून निघणे म्हणजे साऱ्या घराचा विमा पणाला लावणे होय.

रिकाम्या खुर्चीचा प्रश्न

येथवर प्रश्न व्यक्तीचा होता. पण उत्तम शिक्षक निघून गेल्यावर महाविद्यालयात जी खुर्ची रिकामी होते, तिचे काय? तिच्यावर पुन्हा कायम माणूस येईलच याची खात्री नाही. बहुधा तासिका तत्त्वावरचा एखादा तरुण येतो आणि तोही पुढच्या मार्चमध्ये निरोपाची वाट पाहू लागतो. शिकवणीचे शुल्क भरू शकणारा विद्यार्थी शिक्षकाच्या मागोमाग रस्ता ओलांडतो. देगलूर, किनवट, अहमदपूर वा निलंग्याच्या खेड्यातून आलेली, शुल्क न परवडणारी मुलगी मात्र महाविद्यालयाच्या बाकावरच राहते. लातूर पॅटर्नने एकेकाळी नेमक्या अशाच मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारापर्यंत नेले होते.

शासन एकीकडे पदे गोठवते, अनुदान टप्प्यांत अडकवते आणि दुसरीकडे शिकवणी वर्गांवर नियंत्रणाच्या गोष्टी करते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि तरुणांच्या रोषानंतर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. एवढ्याने पदे भरली जात नाहीत. शिक्षकाने घरी बसून आपला हिशेब नीट मांडावा. त्याबद्दल त्याला कोणी दोष देऊ नये. पण सार्वजनिक शिक्षणातली नोकरी सोडण्यातच शहाणपण आहे असे उत्तर घरोघरी निघू लागले, तर तो दोष शिक्षकाच्या गणिताचा नसेल. रिक्त पदे वेळेवर भरणे, अंशतः अनुदानितांना पूर्ण वेतन देणे आणि महाविद्यालयातच प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाला त्याचा अधिकृत मोबदला देणे, हे तीन निर्णय शासनाच्या हाती आहेत. ते झाले तर लातूर-नांदेडच्या शिक्षकाला मार्चमध्ये येणारा निरोप नाकारण्यासाठीही एक भक्कम कारण मिळेल, आणि मागच्या बाकावरील त्या मुलीला शिक्षक.